सीडीएल परमिटची 'गॅरंटी': 1,475 डॉलरच्या पावतीत नेमकं काय होतं

पावती एका पानाची आहे. पाच ओळी, पाच रकमा. परमिटची अपॉइंटमेंट आणि सरकारी फी 295 डॉलर, 'परीक्षेत येणारे खरे प्रश्न' 350, थिअरी कोर्स 250, मेडिकल 180 आणि पास होण्याची गॅरंटी 400. एकूण 1,475. एका एजंटने ज्यांच्या नावाने ही पावती फाडली ते गृहस्थ मूळचे सांगली जिल्ह्यातले. गावाकडे दहा वर्षं मालट्रक चालवलेले, भावाने केलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून चाळिशीत न्यू जर्सीला आलेले. पैसे भरून सात आठवडे झाले तेव्हा त्यांच्या हातात परमिट नव्हतं, मेडिकल चालत नव्हतं आणि कोर्सची सरकारदरबारी नोंदच नव्हती. हाच माल याच किमतीत इतरांनाही विकला जातोय, म्हणून ती पावती ओळीने उलगडून दाखवणं गरजेचं वाटतं.

आधी दोन शब्द व्यवस्थेबद्दल. अमेरिकेत जड ट्रक चालवायला सीडीएल, म्हणजे कमर्शियल ड्रायव्हर लायसन्स लागतं. त्याच्या आधी सीएलपी, म्हणजे शिकाऊ परमिट. हे परमिट लेखी परीक्षेवर मिळतं. ट्रॅक्टर-ट्रेलर चालवायचा तर क्लास ए हवा आणि त्यासाठी तीन पेपर लागतात: जनरल नॉलेज, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशन व्हेइकल, म्हणजे ट्रेलर जोडलेली गाडी. जनरल नॉलेजला बहुतेक राज्यांत 50 प्रश्न असतात, बाकीच्या दोन पेपरांना वीस-पंचवीस. प्रत्येक पेपरात 80 टक्के मिळायलाच हवेत. एका पेपरातले जास्तीचे मार्क दुसऱ्याला चालत नाहीत.

पहिल्या ओळीवर फार वेळ घालवायला नको. अपॉइंटमेंट राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या साइटवर स्वतः घेता येते, फीचा तक्ताही तिथेच असतो. एजंटची साइट दिसायला सरकारीच होती, वर झेंडा, शिक्का, सगळं. पण पत्ता डॉट कॉमने संपत होता. खात्याच्या साइटचा पत्ता सहसा डॉट गव्हने संपतो. शोधताना सगळ्यात वर 'जाहिरात' लिहिलेले जे निकाल येतात ते सोडून खाली या, निम्मी फसवणूक तिथेच टळते. शिवाय 295 मध्ये 'सरकारी फी' धरली होती, तरी ऑफिसच्या खिडकीवर त्यांना ती पुन्हा भरावी लागली.

मेडिकलचे 180. परमिटसाठीची तपासणी कोणत्याही डॉक्टरकडून चालत नाही. फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, थोडक्यात एफएमसीएसए, या ट्रक-बसच्या सुरक्षिततेच्या फेडरल खात्याच्या नॅशनल रजिस्ट्रीत नाव असलेल्याच परीक्षकाने ती करावी लागते. ती यादी कुणालाही फुकट पाहता येते, पिनकोड टाकला की जवळची नावं येतात. 23 जून 2025 पासून परीक्षकाने निकाल थेट त्या यंत्रणेत ऑनलाइन भरायचा आणि तो तिथून राज्याकडे जायचा, अशी पद्धत सुरू झाली. या गृहस्थांना एका क्लिनिकमध्ये नेलं, रक्तदाब घेतला, डोळे तपासले आणि सही-शिक्क्याचा कागद दिला. डॉक्टर खरा होता, पण रजिस्ट्रीत नव्हता. कागद घरीच राहिला, यंत्रणेत काही गेलंच नाही. तपासणीला जाण्याआधी परीक्षकाचा रजिस्ट्री नंबर मागून घ्या आणि यादीत पडताळा. दोन मिनिटांचं काम आहे.

थिअरी कोर्सच्या 250 डॉलरमागे जास्त बारीक खोटं आहे. 7 फेब्रुवारी 2022 पासून ईएलडीटी, म्हणजे नव्या ड्रायव्हरचं प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं झालं, हे खरं. एजंट म्हणाला, 'हा कोर्स केल्याशिवाय परमिटच्या परीक्षेला बसूच देत नाहीत.' हे खोटं. क्लास ए किंवा बीसाठी हे प्रशिक्षण गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेच्या आधी पूर्ण लागतं, परमिटच्या लेखी परीक्षेच्या आधी नाही. लेखी परीक्षेच्या आधी ते लागतं फक्त हॅझमॅटला, म्हणजे घातक मालाच्या परवान्याला. थिअरी आधी करून ठेवली तर बिघडत काही नाही. पण ती देणारी संस्था ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीवर, म्हणजे एफएमसीएसएच्या प्रशिक्षण संस्थांच्या यादीवर असावी लागते, आणि तुम्ही 80 टक्क्यांनी पास झालात की दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तिने तुमची नोंद तिथे चढवायची असते. सर्टिफिकेटच्या पीडीएफला काही किंमत नाही, ही नोंद हाच खरा दाखला. रजिस्ट्रीच्या साइटवर आपला लायसन्स किंवा परमिट नंबर टाकून नोंद आहे का ते स्वतः पाहता येतं. या गृहस्थांनी पाहिलं ते सातव्या आठवड्यात. पान कोरं.

इथे आणखी एक गोष्ट कळायला हवी. संस्था या रजिस्ट्रीवर स्वतःच स्वतःला नोंदवतात. आम्ही नियम पाळतो, असं त्यांनीच लिहून दिलेलं असतं. त्यामुळे 'आम्ही सरकारमान्य' या बोलण्यावर जाऊ नका. डिसेंबर 2025 मध्ये एफएमसीएसएने जवळपास 3,000 संस्थांना यादीतून काढण्याची कारवाई जाहीर केली. पैसे भरण्याच्या दिवशी नाव यादीत आहे ना पाहा, कोर्स संपल्यावर पुन्हा पाहा. मैदान कुठे आहे, गाड्या किती आहेत, हे डोळ्यांनी बघून या.

आता मुख्य ओळ, 'खरे प्रश्न', 350 डॉलर. आपल्याकडे दहावी-बारावीला अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसायची सवय असते, आरटीओबाहेर 'सगळं करून देतो' म्हणणारा माणूस ओळखीचा असतो. त्या सवयीला इथे बरोबर गळ लावलेला असतो. त्यांना मिळालं 42 पानांचं पीडीएफ, तीनशेच्या वर प्रश्न, प्रत्येकाखाली एकच उत्तर, पिवळ्या रंगाने रंगवलेलं. चुकीचे पर्याय छापलेलेच नाहीत, कारण 'ते वाचून डोक्यात गोंधळ होतो'. परीक्षेत संगणक मोठ्या साठ्यातून प्रश्न उचलतो, दोघांना सारखा पेपर येत नाही. आणि साठ्यातल्या प्रश्नांची मांडणी अशी की एका आकड्यावर भागत नाही.

एअर ब्रेकचा एकच प्रश्न जवळून पाहू. पीडीएफमध्ये होतं: 'एका मिनिटात किती हवा गळाली तर चालते? उत्तर: 3 पीएसआय.' इतकंच. (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप.) खरं उत्तर चार भागांत आहे. इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, पेडलवर पाय नाही, अशा स्थितीत एकेरी गाडीला मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त गळती चालत नाही, ट्रॅक्टर-ट्रेलरला 3 पेक्षा जास्त नाही. पेडल दाबून धरलं तर तेच आकडे 3 आणि 4 होतात. हे पाठ करायची गरजच नाही, कारण समजलं की पुरे. पेडल दाबलं की हवा ब्रेक चेंबरपर्यंत पोचते, म्हणजे गळू शकेल अशा जागा वाढतात. ट्रेलर जोडला की होज म्हणजे हवेच्या नळ्या, त्यांचे ग्लॅडहँड नावाचे जोड, त्या जोडांची रबरी सीलं वाढतात. दोन्ही वेळा मर्यादा एकेने वर जाते. परीक्षेत चारही आकडे पर्यायांत समोर असतात आणि प्रश्नात 'कॉम्बिनेशन' हा एक शब्द असतो. पिवळं उत्तर पाठ केलेला माणूस तो शब्द वाचतच नाही. या गृहस्थांना एअर ब्रेकला 25 पैकी 20 हवे होते. पहिल्यांदा 15 आले, दुसऱ्यांदा 17. दहा वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला हे जमत नव्हतं असं नाही, त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

थांबण्याच्या अंतराचंही तसंच. ताशी 55 मैलांना, कोरड्या रस्त्यावर, धोका ओळखेपर्यंत 142 फूट, पाय ब्रेकवर जाईपर्यंत 61 फूट आणि ब्रेक लागल्यावर 216 फूट, मिळून 419. जनरल नॉलेजच्या पेपरात हे उत्तर बरोबर. एअर ब्रेकच्या पेपरात हवेला नळीतून चाकापर्यंत पोचायला लागणारा वेळ मोजावा लागतो, त्याचे आणखी 32 फूट, म्हणजे 450 च्या वर. पीडीएफमध्ये फक्त 419 होतं, तेही कोणत्या पेपरासाठी ते न लिहिता. पुढच्या गाडीपासूनच्या अंतराला पीडीएफ म्हणत होतं '7 सेकंद'. मूळ नियम असा: गाडीच्या दर 10 फुटांना एक सेकंद, वेग 40 मैलांच्या वर असेल तर आणखी एक. म्हणजे 7 सेकंद होतात ते 60 फुटी गाडीचे, वेग 40 च्या वर असताना. प्रश्नात गाडी 40 फुटांची आणि वेग 30 असेल तर उत्तर 4.

ही सगळी माहिती राज्याच्या सीडीएल मॅन्युअलमध्ये आहे आणि ते साइटवर फुकट मिळतं. सर्वसाधारणपणे भाग 1, 2 आणि 3 जनरल नॉलेजला, भाग 5 एअर ब्रेकला, भाग 6 कॉम्बिनेशनला. प्रत्येक उपविभागाच्या शेवटी छोटे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, वहीत लिहा. मराठीत लिहिलीत तरी चालेल, मात्र भागांची नावं इंग्रजीतच ठेवा, कारण पडद्यावर तीच येणार. मॅन्युअल आपल्याच राज्याचं आणि चालू आवृत्तीचं घ्या. हवा कमी झाल्याचा इशारा किती पीएसआयला यायला हवा, याला काही पुस्तकांत 60 आहे, काहींत 55. दुसऱ्या राज्याच्या जुन्या प्रतीवर बेतलेल्या पीडीएफने इथे हमखास मार्क जातात. रोज दीड-दोन तास दिले तर तीन आठवडे पुरेत, असा आमचा अंदाज. एअर ब्रेकला त्यातला सगळ्यात मोठा वाटा द्या.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर एजंटने सल्ला दिला की एअर ब्रेकचा पेपर सोडूनच द्या. हा सल्ला ऐकू नका. तो पेपर पास नसेल तर लायसन्सवर 'एल' निर्बंध येतो आणि एअर ब्रेकची गाडी चालवता येत नाही. लांब पल्ल्याचे ट्रॅक्टर जवळपास सगळे एअर ब्रेकचेच असतात. असं लायसन्स घेऊन नोकरी कुठे मागणार?

राहिली गॅरंटी, 400 डॉलर. पैसे परत मिळण्याची अट पावतीच्या मागे होती: 30 दिवसांत तीन प्रयत्न करून तिन्हींत नापास झालं पाहिजे. अपॉइंटमेंटाच इतक्या लवकर मिळत नव्हत्या. मग खरी 'गॅरंटी' फोनवर कळली: आणखी 1,000 द्या, कानात बसणारं यंत्र देतो, उत्तरं बाहेरून सांगतो. या गृहस्थांनी तिथे नाही म्हटलं, आणि त्यामुळे ते वाचले. न्यूयॉर्क शहरात 2013 मध्ये अगदी याच कामासाठी 11 जणांवर फेडरल खटला झाला. ब्लूटूथ हेडसेट, खुणा केलेल्या पेन्सिली, पैसे घेणारे सुरक्षारक्षक, सगळं होतं. परीक्षेत लबाडी केल्याचा गुन्हा शाबीत झाला तर परमिट किंवा लायसन्स किमान एक वर्षासाठी जातं. नुसत्या सबळ संशयावरही राज्य पुन्हा परीक्षेला बोलावतं. ग्रीन कार्डवाल्याला गुन्ह्याची नोंद किती महागात पडेल ते वेगळंच.

आणि हे फक्त कागदाचं प्रकरण नाही. 8 नोव्हेंबर 1994 ला विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीजवळ एका ट्रकचा मागचा भाग सुटून रस्त्यावर पडला, मागून येणाऱ्या व्हॅनची इंधनटाकी त्याने फुटली आणि एकाच घरातली सहा मुलं गेली. भाग लोंबतोय, असं इतर ड्रायव्हर रेडिओवरून सांगत होते, ट्रकवाल्याला इंग्रजी कळत नव्हतं. त्याचं लायसन्स इलिनॉयमध्ये लाच देऊन काढलेलं होतं. ते लाचेचं जाळं उलगडत तपास राज्याच्या गव्हर्नरपर्यंत गेला आणि 2006 मध्ये तो दोषी ठरला. परीक्षा मॅनेज करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला त्या स्टिअरिंगवर बसवत असतो.

इंग्रजीचा नियम आजही आहे. 25 जून 2025 पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच गाडीवरून उतरवतात. म्हणून 'भाषेची काळजी करू नका' हेही ऐकून घेऊ नका. ग्रीन कार्ड नसलेल्यांनी, विशेषतः स्टुडंट किंवा डिपेंडंट व्हिसावर असलेल्यांनी, आगाऊ एक डॉलरही देऊ नये. परदेशी नागरिकांच्या सीडीएलचे नियम सप्टेंबर 2025 मध्ये एकदम आवळले गेले आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या दिवशीचा नियम राज्याच्या खात्याकडून स्वतः विचारून घ्या. 'दुसऱ्या राज्याचा पत्ता देतो, तिथे सोपं आहे' म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. सीडीएल आपण खरोखर राहतो त्याच राज्यातून काढायचं असतं.

पैशांचं असं झालं. 475 डॉलर क्रेडिट कार्डावर दिले होते, 1,000 झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने. कार्डवाल्या रकमेसाठी बँकेला लेखी तक्रार दिली. स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांच्या आत ती द्यावी लागते. सोबत पावती, रजिस्ट्रीच्या कोऱ्या पानाचा स्क्रीनशॉट आणि डॉक्टर यादीत नसल्याचा स्क्रीनशॉट जोडला. 475 परत आले. झेलचे पैसे आपण स्वतः पाठवलेले असतात, म्हणून बँकेने हात वर केले. तक्रारी तीन ठिकाणी गेल्या: फेडरल ट्रेड कमिशन, राज्याचा ॲटर्नी जनरल आणि एफएमसीएसएचा ग्राहक तक्रार विभाग. एजंटकडे व्हॉट्सॲपवर ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे फोटो गेले होते, म्हणून इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणाला सहज कर्ज काढता येऊ नये. त्याला पैसे पडत नाहीत.