घर आत्ताच मुलांच्या नावावर करायचं की मृत्युपत्र करून ठेवायचं?

इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या आमच्या मामांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. मामी, दोन मुली, एक मुलगा, भांडण कोणाचंच नाही, त्यामुळे घर आपोआप मामीचं होईल असंच सगळे धरून चालले होते. पण 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलं, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा, म्हणजे 88 वर्षांच्या आजीचाही पाचवा हिस्सा निघाला. तिला व्हीलचेअरवरून रजिस्ट्रीला नेलं, हक्कत्यागाच्या कागदावर अंगठा द्यायला, आणि जन्मभर भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेघा इतक्या झिजलेल्या की मशीन ठसाच घेईना, ओल्या रुमालानं पुसून पुसून सातव्यांदा कुठे लागला. मुलगा गेलाय आणि त्याच्या घरावरचा हक्क सोड म्हणून आईला सांगायचं, हे बघवत नव्हतं हो. त्याआधीच ती गेली असती तर तिचा हिस्सा तिच्या बाकीच्या मुलींकडे, म्हणजे माझ्या आईकडे आणि मावशीकडेही आला असता, मग अजून सह्या.

हे बघून आल्यावर आमचे बाबा म्हणाले, मी घर आत्ताच तुम्हा दोघांना दानपत्र करून देतो, मागे कटकट नको. तेव्हापासून मी हे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतोय, आणि माझं मत पक्कं झालंय की राहत्या घराचं दानपत्र करू नका, मृत्युपत्रच करा.

कारण दानपत्राची रजिस्ट्री झाली, घेणाऱ्यानं स्वीकारलं, की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं. उद्या मन बदललं, सुनेशी पटलं नाही, औषधपाण्यासाठी घर विकायची वेळ आली, तरी नुसतं वाटलं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र डोकं ठिकाणावर आहे तोपर्यंत कितीही वेळा बदला, शेवटचं असेल ते खरं, आणि जिवंत असेपर्यंत घर तुमचंच. खर्चाचं म्हणाल तर दानपत्राला स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते, मृत्युपत्राला ती नाहीच, साध्या कागदावर हातानं लिहिलेलंही चालतं. दानपत्राची जमेची बाजू एकच पण मोठी, ते डोळ्यांदेखत होतं, मागून कोणी उठून ‘सही त्यांची नाहीच’ म्हणायला जागा कमी राहते. म्हणून दुसरा प्लॉट असेल, ज्याच्यावाचून तुमचं काही अडत नाही, तर तो खुशाल द्या.

आणि तरीही राहतं घर द्यायचंच असेल तर आईवडिलांना सांभाळायची अट दानपत्रातच लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 त्यासाठीच आहे, सांभाळलं नाही तर दान रद्द होऊ शकतं. आपल्याच मध्य प्रदेशातल्या, छतरपूरच्या एका आईचं दानपत्र सुप्रीम कोर्टानं 2 जानेवारी 2025 ला याच कलमाखाली रद्द करून घर तिला परत दिलं. पण विचार करा, त्यासाठी त्या बाईला पार दिल्लीपर्यंत लढावं लागलं.

‘आमचं तर सगळीकडे नॉमिनेशन आहे’ असं म्हणून पुष्कळ जण निवांत असतात. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे तेवढंच, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याची. शेअर्सचंही तसंच, सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये ते स्पष्ट केलं. विम्यात मात्र 2015 पासून आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर सहसा रक्कम त्यांचीच होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, ते भरा, पण मृत्युपत्राशी जुळवून भरा, नाहीतर एका कागदावर ताई आणि दुसऱ्यावर दादा, भांडणाला आपणच निमित्त.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घ्यायची, भीती बरेच जण घालतात. मुंबई-कोलकाता-चेन्नईची ती जुनी सक्ती इंदूरच्या घराला कधीच नव्हती. वाद झाला तर मात्र कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करावं लागतं, आणि तिथे साक्षीदार लागतो, म्हणून दोन साक्षीदार नीट निवडा. बाबांनी त्यांच्या वयाचे दोन मित्र ठरवले होते, मी म्हटलं बाबा, तुमच्याहून वीस वर्षांनी लहान कोणी बघा. आणि ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीला घेऊ नका, उगाच शंकेला जागा. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, पण एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कराच, आणि कमी का दिलं तेही दोन ओळीत लिहा.

एक गोष्ट बायकांसाठी, ही कोणी सांगतच नाही. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅटही नवऱ्याच्या वारसांकडे जातो, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्पच बसली, आईचं सगळं तीच बघते.

घरात जन्मभर सांभाळावं लागेल असं मूल असेल तर ट्रस्टचा, म्हणजे त्याच्यासाठी घर-पैसा भरवशाच्या माणसांच्या हाती सोपवायचा, विचार करा, त्याला वकील लागेलच, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

आमच्या बाबांनी शेवटी मृत्युपत्रच केलं, चार पानं, प्रत्येक पानावर सही, आईचं वेगळं. ते एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवणार होते, तेवढं थांबवलं, कारण माणूस गेल्यावर लॉकर उघडायलाच मृत्युपत्र मागू शकतात. आता पाकीट आईच्या कपाटात पैठणीखाली आहे आणि झेरॉक्स पुण्याला ताईकडे.