काळ्या डोहातल्या प्राण्याचे तीन भाग: ब्लू-रे संच

माशासारखे कल्ले असलेल्या माणसाची, म्हणजे या प्राण्याची, गोष्ट 1954 साली ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या चित्रपटात सुरू झाली. पुढचा भाग कसा सुचवावा, हे शिकायला हा संच उत्तम आहे.

1955 चा दुसरा भाग प्राण्याला ॲमेझॉनमधून उचलून थेट फ्लोरिडातल्या मत्स्यालयात आणतो. कल्पना खट्याळ, पण पक्की: पहिल्या भागात माणसं त्याच्या पाण्यात घुसली, इथे तो आपल्या तिकीटखिडकीत. पुढं कथा प्रेमप्रकरणात रेंगाळते, तिथे कंटाळा येतो. प्रयोगशाळेतला पोरसवदा सहायक मात्र नीट बघा. तो क्लिंट ईस्टवूड आहे, पहिल्याच भूमिकेत!

पाण्याखाली तिन्ही भागांत प्राण्याचा पोशाख घालून पोहतो तो रिकू ब्राउनिंग. पोशाखात हवेची टाकी नव्हती. कॅमेऱ्याबाहेर नळीतून श्वास घ्यायचा आणि तो रोखून पोहायचं. म्हणूनच हालचाल इतकी माशासारखी वाटते.

पहिले दोन भाग थ्रीडीत चित्रित झाले. तेव्हा ते दोन प्रोजेक्टर आणि ध्रुवीकृत (प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणाऱ्या) चष्म्यांनी दाखवत. एक फीत फ्रेमभर जरी मागे पडली तरी डोळे दुखत. डिस्कवर ती भानगड नाही, पण थ्रीडी टीव्ही आणि त्याला जुळणारा चष्मा लागतोच. लाल-निळ्या कागदी चष्म्याचा इथे उपयोग नाही.

1956 चा तिसरा भाग थ्रीडीविना, साधा, सपाट. तरी सगळ्यात धाडसी. भाजल्यामुळे कल्ले जातात, फुप्फुसं सापडतात आणि प्राण्याला चक्क कपडे चढवतात. चौथा भाग रचायचा तर इथूनच सुरुवात करावी: समुद्र समोर, आणि पोहता येत नाही.