पेट्रियट गार्ड रायडर्स : बोलावल्याशिवाय न येणारा ताफा

अमेरिकेत माजी सैनिकाचा अंत्यविधी ठरला की घरच्यांनी पेट्रियट गार्ड रायडर्स या स्वयंसेवी मोटारसायकलस्वारांच्या संघटनेला जरूर कळवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. सेवेला एक पैसा लागत नाही. मात्र ती नेमकं काय देते आणि काय देत नाही, हे आधी समजून घ्या. नाहीतर ऐन वेळी धावपळ होते.

काय देत नाही ते आधी. शवपेटीवरच्या ध्वजाची घडी आणि बिगुलावरची 'टॅप्स' ही निरोपाची धून हा लष्करी मानवंदनेचा भाग. ती संरक्षण खात्याची जबाबदारी. किमान दोन गणवेशधारी येतात, त्यातला एक दिवंगताच्याच दलातला. हे फ्युनरल होम म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेमार्फत ठरतं आणि त्यासाठी सेवामुक्तीचा डीडी-214 हा कागद लागतो. नेमका तोच वेळेवर सापडत नाही, म्हणून आधी तो शोधा.

रायडर्स देतात ती साथ आणि आडोसा. 2005 मध्ये कॅन्सस राज्यात हे काम सुरू झालं, कारण वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या समलैंगिकतेविरोधी कट्टर गटाचे लोक सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर द्वेषाचे फलक नाचवत होते. स्वारांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. ध्वज घेऊन मधे उभे राहिले. 2006 च्या कायद्याने राष्ट्रीय (सैनिकांसाठीच्या सरकारी) दफनभूमीच्या प्रवेशद्वारापासून 300 फुटांत निदर्शनांना बंदी आली, पण 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेवरचा निदर्शनाचा हक्क 8 विरुद्ध 1 मतांनी मान्य केला. म्हणजे ठरवून दिलेल्या अंतराबाहेर रस्त्यावर उभ्या माणसाला कायदा हटवू शकत नाही. ध्वजांची भिंत मात्र त्याला आईबापांच्या नजरेआड ठेवते.

कुटुंबाची संमती असल्याशिवाय ते येत नाहीत, आणि आमच्या दृष्टीने या सेवेची सगळ्यात मोठी बाजू हीच. कळवताना विधीची जागा, वेळ, दफनभूमीचं नाव आणि काय हवं ते नीट सांगा : फक्त दाराशी ध्वजरांग, की गाडीसोबत ताफाही. घरात लहान मूल किंवा आवाजाने दचकणारं म्हातारं माणूस असेल तर ताफा नको म्हणायला संकोचू नका. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या मराठी माणसाचं दहन होणार असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे रांग कुठे लावायची ते ठरतं.

रांग लागते ती दारापासून शववाहिकेपर्यंत, दोन्ही बाजूंनी. 3 बाय 5 फुटांचे ध्वज, फोन बंद, गप्पा नाहीत. आपल्याकडे जवानाचं पार्थिव गावात येतं तेव्हा 'अमर रहे'च्या घोषणांनी रस्ता दुमदुमतो. इथे ऐकू येतं ते वाऱ्यावर फडफडणारं कापड. उन्हात गुडघे ताठ आवळून उभं राहणाऱ्याला भोवळ येते, म्हणून गुडघे जरा सैल ठेवायचे आणि आधीच पाणी प्यायचं.

सामील व्हायला मोटारसायकल लागत नाही, सैन्यात असावं लागत नाही. चारचाकीने या, चालतं. बाइकवर येणाऱ्याने मात्र टाकी भरून, वेळेच्या बरंच आधी पोचावं, कारण निघण्यापूर्वी राइड कॅप्टन, म्हणजे ताफ्याचा प्रमुख, सूचना देतो. दोन तिरक्या ओळी, तिरकस पुढच्या गाडीपासून किमान 1 सेकंद आणि सरळ पुढच्या गाडीपासून किमान 2 सेकंदांचं अंतर. वळणावर एकामागे एक. मोठा ध्वज हायवेच्या वेगात शिडासारखा वारा खातो, गाडी बाजूला ओढतो आणि त्याची कड उसवते. बाइकवर लहान ध्वज लावा आणि दांड्याच्या पकडीचे नट निघण्याआधी पुन्हा आवळा. अंत्ययात्रेच्या मंद गतीत हवेवर थंड होणारी इंजिनं तापतात. दफनभूमीच्या हिरवळीत साइड स्टँड रुतून गाडी कलंडते; त्याखाली ठेवायला चपटी चकती खिशात हवी.

उणी बाजू म्हणजे सगळे स्वयंसेवक, तेव्हा संख्येची खात्री नाही. आडवारी, पावसात, आडगावी चारच जण येतील. शिवाय चौक अडवायचा अधिकार त्यांना आपोआप मिळत नाही, राज्याराज्यात नियम वेगळे. लांबचा रस्ता असेल तर फ्युनरल होमला पोलिसांची गाडी मागायला सांगा. राष्ट्रीय दफनभूमीत विधीला साधारण 20 ते 30 मिनिटंच मिळतात; ताफा सिग्नलवर तुटला तर ती वेळ तिथेच जाते.

या सेवेचं मोल आम्हाला सगळ्यात जास्त जाणवतं ते बेवारस माजी सैनिकांच्या बाबतीत. वर्षानुवर्षं फ्युनरल होमच्या फडताळात पडून राहिलेल्या अस्थी शोधून त्यांना सन्मानाने विसावा देण्याचं काम 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट' 2007 पासून करतं, आणि तिथे हे स्वार सोबतीला असतात. ध्वजाची 13 घड्यांची त्रिकोणी घडी झाली की ती वारसाच्या हाती द्यायची असते. वारस नसतो. मग जमलेल्यांतलाच कुणीतरी हातमोजे काढतो, पुढे होतो आणि दोन्ही हात पसरून ती घेतो.