दिल्ली दाखवण्यासाठी बनवलेली नकाशावरची यादी : काही महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीनिमित्त आम्ही दिल्लीत राहायला आलो आणि दिवाळीपासून घरी पाहुण्यांची रीघ लागली. सातारा, पुणे, इस्लामपूर. कोणी तीन दिवसांसाठी, कोणी आठवडाभर. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "काय काय बघायचं?" त्यासाठी फोनमधल्या नकाशात ठिकाणं सेव्ह करून मी एक यादी तयार केली. इतके महिने ती सतत वापरात आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

सोय साधी आहे. ठिकाण सेव्ह करायचं, त्याखाली टीप लिहायची, आणि यादीची लिंक पाहुण्यांना निघण्याआधीच पाठवायची. शिवाय दिल्लीचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला की नेट गेलं तरी रस्ता दिसतो. पण यादीचा खरा उपयोग ठरतो तो टिपेत काय लिहिता यावर. मी प्रत्येक ठिकाणाखाली आधी दोन गोष्टी लिहिते : बंद कोणत्या वारी, आणि जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं. फोटो, तारे, 'दहा आवर्जून बघण्याजोगी ठिकाणं' यांपेक्षा या दोन ओळींनी आमच्या सहली जास्त सावरल्या आहेत.

वाराचं महत्त्व दिल्लीत फार. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, रेल्वे म्युझियमही बंद. आपल्याकडचे लोक शनिवारी पोचतात, रविवार-सोमवार फिरायचं ठरवतात, आणि त्यातला अर्धा बेत इथेच बारगळतो. म्हणून सोमवारी बंद असणाऱ्या ठिकाणांना मी लाल खूण दिली आहे आणि सोमवारसाठी वेगळी यादी ठेवली आहे : कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर, लोदी गार्डन, बंगला साहिब गुरुद्वारा, संध्याकाळी इंडिया गेट. एवढ्यात दिवस भरगच्च होतो.

रविवारचा पेच वेगळा. लाल किल्ला उघडा असतो, पण समोरच्या चांदनी चौकातली बहुतेक दुकानं बंद. किल्ला आणि बाजार एकाच फेरीत हवा असेल तर मंगळवार ते शनिवार यांतला दिवस धरा. फत्तेपुरीपर्यंतच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे, त्यामुळे सायकल रिक्षा किंवा पायी. रविवारच मोकळा असेल आणि सोबत पुस्तकवेडं माणूस असेल, तर दिल्ली गेट स्टेशनजवळच्या महिला हाटमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तो आधी दर्यागंजच्या फुटपाथवर असायचा, २०१९ मध्ये इथे हलला. माझा भाचा तिथून पिशवी भरून पुस्तकं घेऊन गेला.

आग्रा बहुतेकांना हवंच असतं. ताजमहाल शुक्रवारी बंद, आणि हजरत निझामुद्दीनहून सुटणारी गतिमान एक्सप्रेसही शुक्रवारी धावत नाही. पाहुण्यांच्या मुक्कामातला आग्र्याचा दिवस मी सर्वांत आधी पक्का करते, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवते.

आता मेट्रो. नुसतं स्टेशनचं नाव पुरत नाही. तिथून चालायचं की रिक्षा करायची, हेही टिपेत हवं. लाल किल्ला आणि अक्षरधाम स्टेशनपासून पायी जाता येतं. कुतुबमिनार स्टेशन मात्र नावालाच जवळ, पुढे रिक्षा लागतेच. हुमायूनच्या कबरीचंही तसंच. एका दिवसाची ठिकाणं शक्यतो एकाच मार्गावरची निवडावीत, कारण गाडी बदलताना राजीव चौकाच्या गर्दीत वयस्क माणसांचा जीव मेटाकुटीला येतो. व्हायोलेट मार्गावर लाल किल्ला, जामा मशीद, दिल्ली गेट आणि सेंट्रल सेक्रेटरिएट ही सगळी स्टेशनं येतात, त्यामुळे हा मार्ग माझा आवडता. प्रवासाच्या दिशेने पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो, हे आत्या-मावशींना आधीच सांगून ठेवते. आठवडाभर राहणाऱ्यांनी स्मार्ट कार्ड घ्यावं; भाड्यात १० टक्के सूट मिळते. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, माणशी एक हवं.

नकाशाची उणीव म्हणाल तर आतलं चालणं त्यात दिसत नाही. दारापर्यंतचा वेळ तो सांगतो, पण लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजापासून शेवटच्या महालापर्यंत केवढं चालावं लागतं, हुमायूनच्या कबरीच्या चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या किती उंच आहेत, हे कुठे येत नाही. ते मी टिपेत घालते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी खालच्या बागेतूनच कबर पाहायची, शेजारच्या सुंदर नर्सरी या मोठ्या बागेत निवांत बसायचं, असा बेत ठरला आणि तो त्यांना मनापासून आवडला. कबरीच्याच आवारात २०२४ मध्ये जमिनीखाली नवं संग्रहालय सुरू झालं आहे. इसा खानची कबरही तिथेच आहे, ती १५४७ ची, म्हणजे हुमायूनच्या कबरीहून जुनी. सगळ्यासाठी अर्धा दिवस ठेवाच.

अक्षरधामला मोबाइल आत नेता येत नाही, म्हणजे नकाशाही बाहेरच राहतो. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे रांगेत उभं राहण्याआधी ठरवून घ्यावं.

यादीत मी भरलेलं, पण कोणत्याच पाहुण्याने आपणहून न मागितलेलं एक ठिकाण म्हणजे इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. २०१९ मध्ये सुरू झालं, प्रवेश विनामूल्य. त्यागचक्राच्या गोलाकार भिंतींवर शहीद जवानांची नावं कोरली आहेत. सैनिकांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीच्या पंचक्रोशीतले पाहुणे असले की ते भिंतीपाशी थांबून आपल्याकडची आडनावं शोधत राहतात, आणि मग कोणाला घाई करावीशी वाटत नाही. शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पथकाचे रामा राघोबा राणेही आहेत. इथे माझा आग्रह असतो : अर्धा तास ठरवून येऊ नका, दीड तास ठेवा.

तसंच तालकटोरा. १७३७ साली बाजीराव पेशवे दिल्लीवर चालून आले तेव्हा मराठी फौजेचा तळ इथे पडला होता, आणि २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथल्याच स्टेडियममध्ये भरलं. पाहण्यासारखी वास्तू म्हणून कोणी इथे येणार नाही. पण बंगला साहिबहून परतताना रिक्षा तिकडून वळवावी, असं मला फार वाटतं.

यादी पाठवताना आता एक नियम करून टाकला आहे : घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीही, आपलं एकच 'हवंच' ठिकाण निवडायचं. आधी ती बसवायची, मग उरलेल्या वेळात बाकीची. दिवसाला दोन मोठी ठिकाणं आणि संध्याकाळी एखादं हलकं, यापेक्षा जास्त मी कोणाला सुचवत नाही. संध्याकाळसाठी आयएनए स्टेशनला लागून असलेलं दिल्ली हाट उत्तम; खरेदी आणि जेवण दोन्ही एकाच ठिकाणी होतं.

तीन दिवसांहून जास्त राहणाऱ्यांना आणि सोबत वयस्क किंवा मुलं असलेल्यांना मी ही पद्धत नक्की सुचवेन. एकाच दिवसासाठी येणाऱ्याला एवढा खटाटोप नको, त्याने गाडी करून फिरावं. सध्या मी उन्हाळ्याच्या टिपा भरते आहे : कुतुब आणि हुमायूनची कबर सकाळी लवकर, दुपारी राष्ट्रीय संग्रहालय. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला आधीचे काही दिवस बंद असतो. तिकिटं काढण्यापूर्वी तेवढं तपासून घ्या.