ठाण्याच्या नौपाड्यातला पेपरस्टॉल: चार तारे, पाचवा पावसात गेला

गोखले रोडलगत फळीवर मांडलेला स्टॉल. काका सुट्या पैशांसाठी अडवत नाहीत, मतं मात्र फुकट देतात. मी रोज दोन पेपर घेते, मुद्दाम एकमेकांशी न पटणारे. परवा पाणीकपातीची बातमी एकात पहिल्या पानावर, रिकाम्या हंड्यांच्या फोटोसकट. दुसऱ्यात पाचव्या पानावर, फ्लॅटच्या जाहिरातीखाली दोन बोटं. संध्याकाळी सोसायटीत भांडणंही त्याच हिशेबाने झाली! १८३२ साली ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र सुरू केलं. त्या तारखेला काका फळीला झेंडूचा हार घालतात. घरपोच सेवा मात्र जुलैत रामभरोसे, दारात ओला लगदा मिळतो. स्वतः जा, सातच्या आत.