लकडगंजातली जाळी: कापणी झकास, जोडावर घोळ

आमच्या गॅलरीत पश्चिमेचं ऊन मे महिन्यात नुसतं भाजून काढते. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळी पाहिली, तेव्हापासून घरी तसलंच काही लावायचं डोक्यात होतं. नागपूरच्या लकडगंजातल्या एका सीएनसीवाल्याकडे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं नक्षी कापून देणारा) गेलो. ‘आठ टोकांची चांदणी’ म्हटलं, तर पोरानं मोबाइलवर आकाशकंदीलच दाखवला! मग पावतीच्या पाठीवर चौकोन काढला, त्यावर तेवढाच दुसरा ४५ अंशांत फिरवला. लगेच उमजलं त्याला.

कापणी एकदम साफ, कोपऱ्यात कुठे टवका निघाला नाही. खालच्या पट्टीतली वेलबुट्टी तर बोट फिरवत बसावं अशी. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा अन् प्लास्टिक मिळून केलेली शीट) घेतलं, कारण एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली शीट) पावसात फुगते.

पण आठ बाय चार फुटांच्या दोन शीट जोडल्या अन् घोळ कळला. शीटची कड चांदणीच्या बरोब्बर मधून जायला पाहिजे, तरच दोन अर्ध्या मिळून एक होते. इथे अर्धी इकडे, पाऊण तिकडे. ‘कोण पाहते भाऊ एवढं?’ सीएनसीवाला म्हणे. मी पाहतो ना, रोज चहा घेताना! एक शीट अर्ध्या पैशात बदलून दिली. पाचपैकी साडेतीन.