बाळखुणांची कार्डे : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी आठ महिन्यांची असताना बाळखुणांच्या, म्हणजे बोलता न येणाऱ्या बाळाला हवे-नको हाताच्या खुणांनी सांगायला शिकवण्याच्या, कार्डांचा संच १,४९९ रुपयांना घेतला. आज ती दीड वर्षाची आहे. ‘दूध’च्या कार्डावर नुसती आवळलेली मूठ छापली आहे. ती मूठ धार काढल्यासारखी आवळायची आणि सोडायची असते, हे चित्रावरून कळायला मार्ग नाही, आणि विक्रेत्याला तीनदा विचारूनही उत्तर आले नाही. खुणा अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या, म्हणजे तिथल्या कर्णबधिरांच्या हातखुणांच्या भाषेतल्या आहेत, याचाही खोक्यावर उल्लेख नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओंसह फुकट पाहता येतो, हे मला फार उशिरा कळले.

खरी अडचण झाली ती ‘आणखी’ या एकाच खुणेची. दोन्ही हातांची बोटे जुळवून टोकांवर टोके टेकवायची, अशी ती खूण. पण अकराव्या महिन्यात मुलीने ती केली ती एका तळहातावर दुसऱ्या हाताचे बोट टोचून. तळहातावर बोट टेकवत मोराला चारा घालण्याचा खेळ आमच्याकडे रोजचाच. त्यामुळे तिने वरणभात मागितला की सासूबाई कौतुकाने मोराला बोलवायला लागत आणि ती चिडून वाटी लोटून देई. सलग तीन आठवडे दोन्ही वेळच्या जेवणाला हेच चालले होते. कार्डांत याविषयी एक ओळही नाही.

खुणांमुळे मूल लवकर बोलते, हा खोक्यावरचा दावाही मला पटलेला नाही. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात ४० बाळांना आठव्या ते विसाव्या महिन्यापर्यंत पाहिले, तेव्हा भाषेत फरक दिसला नाही. खुणा शिकवणाऱ्या आया मात्र बाळाच्या अबोल हालचालींना अधिक प्रतिसाद देत होत्या. हे वाचून पैसे बुडाले, असेच मी धरून चालले होते.

विसर्जनाच्या दिवशी ते मत बदलले. ढोल-ताशा पथक कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले, तशी सासूबाईंच्या कडेवर बसलेल्या मुलीने तळहातावर बोट टोचले. या वेळी सासूबाईंनी मोराला बोलावले नाही; त्या तिला घेऊन पथकामागे थेट चौकापर्यंत चालत गेल्या.

खुणा शिकवा, पण कार्डे घेऊ नका. दूध, पाणी, आणखी, संपले एवढ्या चार खुणा कोशातून पाहून घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, आधी शिकून घ्याव्यात. मुलगी आता तोंडाने ‘अजून’ म्हणते, तरी बोट तळहातावर टेकतेच.